महागातला डबा

४ मे १९६४, सोमवार

पत्रों म्हणतात, प्रयोगाच्या वहीत प्रयोगच असावा. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून आम्ही सगळे त्यांना पत्रों, म्हणजे मालक, म्हणतो, आणि याबाबतीत त्यांचं बरोबर आहे. गुरुवारी मी नोंदींच्या ओळीखाली ‘पापांनी आजही सूप अर्धंच घेतलं’ असं लिहून ठेवलं होतं आणि शेजारच्या टेबलावरच्या ब्लेझने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. वर विचारलं, ओदेत, हा कुठला जिवाणू, सूप पिणारा? सगळे हसले, मीही हसले. संध्याकाळी येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून ही वही घेतली.

तर पापा. आंसेल्म फायोल, वय शहात्तर, ओव्हेर्न्यातल्या आमच्या गावचे बेकर. आयुष्यभर पहाटे उठून गावाला पाव खाऊ घातला. गेल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला भट्टीच्या पायरीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, दुकान विकावं लागलं आणि मी त्यांना पॅरिसला माझ्याकडे घेऊन आले. हाड जुळलं. डॉक्टर म्हणतात, चालायला, जिना चढायला-उतरायला काही हरकत नाही. पण हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात ते उठतच नाहीत. काही मागत नाहीत, कशाला नाही म्हणत नाहीत. विचारलं तर एका शब्दात उत्तर, नाहीतर तोंडात मिठाची गुळणी.

मी माझ्याकडून काही कमी ठेवलेलं नाही. सकाळी जाताना दुपारचं जेवण झाकून ठेवते, पावाचे बोटाएवढे तुकडे करून ठेवते, औषध पेल्याशेजारी, वर्तमानपत्र मांडीवर. गॅसच्या तोटीची मूठ काढून पर्समध्ये घालून नेते, म्हणजे विसरून भलतं काही व्हायला नको. इतकं करून संध्याकाळी परत येते तेव्हा वर्तमानपत्राचं पान उलटलेलं नसतं.

नव्हेरजवळ सिस्टरांनी चालवलेलं वृद्धांचं एक घर आहे. जुलैत तिथे एक खोली रिकामी होते आहे. पंधरा जूनपर्यंत हो की नाही ते कळवायचं. बाग आहे, सोबतीला माणसं आहेत. त्यांना तिकडे पाठवलं तर मी त्यांना टाकलं असं होईल का, आणि नाही पाठवलं तर ते माझ्या डोळ्यांदेखत असेच विझत जातील का? मला कळत नाही. एवढं एक वाक्य लिहायलाच बहुधा ही वही घेतली.

१० मे, रविवार

येशूच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीला जोडून रजा घेतली आणि चार दिवस पापांपाशी बसले. शाळेतल्यासारखा कार्यक्रम आखला होता. सकाळी बागेत फेरी, दुपारी पत्ते, संध्याकाळी रेडिओ. कोट मी चढवला, बुटांचे बंद मी बांधले, पत्तेसुद्धा शेवटी दोघांचेही मीच टाकत होते. बागेत बाकावर बसले ते हात गुडघ्यांवर ठेवून, बसची वाट बघणाऱ्या माणसासारखे. इतके वाईट दिवस हिवाळ्यातही नव्हते.

आज जेवताना मात्र एक पूर्ण वाक्य बोलले. बुलेव्हारवरच्या नव्या बेकरीतून मुद्दाम आणलेला पाव दोन बोटांत दाबून बघितला आणि म्हणाले, "हा पाव नाही, हवा आहे."

कितीतरी दिवसांतली पहिली तक्रार. मला इतका आनंद झाला की उद्यापासून त्याहून महागातला आणायचं ठरवून टाकलं.

१२ मे, मंगळवार

आज घरी आले तर पापांच्या गालांवर चक्क रंग. चार दिवस मी जीव तोडला तेव्हा काही नाही, आणि आज घरात एकटे असताना हे! लोहाचं टॉनिक लागू पडतंय असं दिसतं. सात वाजताच पेंगायला लागले, ते मात्र चांगलं लक्षण नाही.

प्रयोगशाळेत माझं तेच रडगाणं. इथे एकदा नीट लिहून काढते, लिहिलं की डोकं स्वच्छ होतं. आमचा जिवाणू ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल स्वतःचं स्वतः बनवतो. त्याच्याशिवाय प्रथिनं बांधता येत नाहीत, म्हणजे जगताच येत नाही. ते बनवायला लागणारी एन्झाइमं कशी घडवायची ते त्याच्या जनुकांत आहे. पण बाहेरून ट्रिप्टोफॅन मिळायला लागलं की तो शहाणा बनवणं बंद करतो. आयतं मिळतंय तर कष्ट कोण करील? बंद कसं करतो, हा आमचा विषय. आम्ही असं धरून चालतो की पेशीत एक रोधक असतो. एरवी तो नुसता हिंडतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ट्रिप्टोफॅन येऊन त्याला चिकटलं की मग त्याला पकड येते आणि तो त्या जनुकांच्या तोंडाशीच ठाण मांडून बसतो. मग जनुकं वाचली जात नाहीत, आणि एन्झाइमही बनत नाही. रोधकाला अजून कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. माझी तीन वर्षं या न पाहिलेल्याच्या मागे गेली आहेत.

आणि आता मार्चअखेरपासून माझे जिवाणू, मी ट्रिप्टोफॅनचा कणसुद्धा दिलेला नसताना, काही बनवतच नाहीत. वाढतात मात्र झकास. नव्या डब्यातलं चांगल्या प्रतीचं केसीन त्यांच्या रस्स्यात घालायला लागल्यापासून तर नुसते गुबगुबीत झालेत. पण एन्झाइम शून्य. तपासणीत आम्ही इंडोल घालतो. एन्झाइम असेल तर ते इंडोल संपवतं आणि नळी फिकी राहते, नसेल तर इंडोल तसंच उरतं आणि नळी गुलाबी होते. माझ्या सगळ्या नळ्या गुलाबी. पत्रों आज मांडणीसमोर उभे राहून म्हणाले, वाण बिघडलं, जनुकच गेलं असेल, फेकून द्या आणि दुसरं घ्या. मी त्यांच्याकडून जूनच्या मध्यापर्यंत मुदत मागून घेतली.

अंगाला त्या इंडोलचा वास राहतो. पुष्कळ असलं तर घाण, थोडं असलं तर जाईच्या फुलांसारखं. पापांना जाई आवडायची.

१८ मे, सोमवार

पेन्टेकॉस्टच्या सणाची सुट्टी. कपाटं आवरली. नाताळात केक करीन म्हणून पीठ आणून ठेवलं होतं. केक कुठला व्हायला. आज डबा उघडला तर पीठ तळाला गेलेलं! उंदीर झालेत. खाली जाऊन रेमेदिओसला सांगितलं. ती आमच्या इमारतीची राखणदारीण, स्पॅनिश, दाराशेजारच्या खोलीत राहते, तिला सगळ्यांचं सगळं माहीत असतं. ती म्हणाली, "मोठा उंदीर असेल, मादमवाझेल." आणि घाईघाईने पायपुसणं झटकायला लागली. मी पिंजरा घेऊन आले.

दुसरी काळजी पापांच्या नखांची. नखांच्या कडांना पांढरं काहीतरी बसलेलं असतं. कातडी कोरडी पडत असावी. बशीत कोमट पाणी घेऊन एकेक बोट स्वच्छ केलं. लहानपणी मी त्यांच्यापुढे हात करायचे, तसे त्यांनी मुकाट्याने हात पुढे केले.

मी आणलेला पाव शिळा होऊन पडतो. खिडकीखालची कबुतरं मात्र चांगली जाडजूड झाली आहेत.

२७ मे, बुधवार

तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्याच्या बायकोने आज जिन्यात माझा हात धरला आणि तोंड भरून आभार मानले. गेल्या महिन्यात तिच्या मुलाच्या पोटातल्या जंतांबद्दल सल्ला दिला होता, त्याचे असतील. इतके आभार मानण्यासारखा सल्ला नव्हता तो.

जिन्यात हल्ली भाजलेल्या पावाचा वास असतो. रेमेदिओसने पाव करायला घेतलेत. बाई स्पेनची, पण वास अगदी आमच्या गावच्या राईच्या पावाचा. मी तिचं कौतुक केलं, तर म्हणाली, चांगला गुरू मिळाला की येतं सगळं. रेडिओवर दुपारी पाककृती सांगतात, ते ऐकत असणार.

वर येऊन पापांना सांगितलं, की खाली पावाचा वास येतोय, थेट तुमच्या भट्टीसारखा. ते खिडकीबाहेर बघत राहिले. तिकडेच बघत विचारलं, "करपलेला नाही ना येत?"

मी म्हटलं, नाही.

"मग ठीक," म्हणाले.

नळ्या अजून गुलाबीच. ब्लेझ म्हणतो, ओदेत, तू यांना आईसारखं वाढवतेस म्हणून हे आळशी झालेत. ब्लेझला मुलं नाहीत, त्याला बोलायला काय जातं. मलाही नाहीत म्हणा.

३ जून, बुधवार

डॉक्टर आले होते. पापांचं वजन वाढलं आहे, नाडी उत्तम. त्यांचा दंड आणि मनगट दाबून बघत डॉक्टर जरा चकित झाले. खुर्चीत बसणाऱ्या माणसाचे हात इतके भरीव? मी सांगितलं, आमच्या घराण्यातच आहे ते. मग त्यांनी विचारलं, "काय मस्ये फायोल, दिवसभर काय करता?"

मी म्हटलं, काही नाही करत.

"मी त्यांना विचारलं," डॉक्टर म्हणाले.

पापांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काही नाही."

डॉक्टर गेल्यावर मी धीर करून नव्हेरचा विषय काढला. आतापर्यंत सांगितलं नव्हतं. बाग सांगितली, तिथली माणसं सांगितली, रविवारी मी येत जाईन तेही सांगितलं. पापांनी सगळं ऐकून घेतलं. गुडघ्यावरचा हात एकदा उघडला, मिटला. म्हणाले, "तू ठरवलंस ना? मग झालं."

भांडले असते ना पापा, आरडाओरडा केला असता, तर मला सोपं गेलं असतं. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. मग मसूर चढवले.

९ जून, मंगळवार

पत्रोंनी दिलेली मुदत आणि सिस्टरांनी दिलेली मुदत एकाच आठवड्यात येऊन ठेपल्या आहेत. आज सगळ्या जुन्या नळ्या पुन्हा तपासल्या. गुलाबी. मी म्हटलं, ठीक आहे, उद्या फेकून देऊ, यांचं जनुकच गेलंय.

ब्लेझ माझ्या टेबलाच्या कडेवर येऊन बसला. नेहमी टवाळी करतो, आज केली नाही. म्हणाला, "ओदेत, तू मार्चपासून विचारतेयस, यांचं काय गेलं. यांचं काही गेलेलंच नसेल तर?"

"मग काम का करत नाहीत?"

"कुणीतरी बसलं असेल वर."

त्याच्याकडे एक वाण आहे, ज्याचा रोधकच तुटलेला आहे. ट्रिप्टोफॅनमध्ये बुडवून ठेवलं तरी ते ट्रिप्टोफॅन बनवत बसतं, त्याला थांबवणारं कुणी नाही. ब्लेझ म्हणाला, ते तुझ्याच रस्स्यात वाढवून बघू. तुझ्याच भांड्यात, तुझ्याच पावडरीवर. आज संध्याकाळी दोन्ही वाणं शेजारी शेजारी लावून आले.

१० जून, बुधवार

ब्लेझच्या वाणाच्या नळ्या फिक्या. पाण्यासारख्या. शेजारी माझ्या गुलाबी.

आम्ही दोघंही खुर्चीवर बसलो. त्याच्या जिवाणूंत रोधक नाही आणि ते माझ्याच रस्स्यात दणकून काम करतायत. माझ्यांत रोधक आहे आणि ते गप्प आहेत. म्हणजे माझ्यांचं जनुक गेलेलं नाही, त्याच्यावर रोधक बसला आहे. आणि रोधकाला पकड यायची तर रस्स्यात कुठूनतरी ट्रिप्टोफॅन येत असलं पाहिजे. मीठ तपासलं, साखर तपासली. मग मी फळीवरून केसीनचा डबा काढला आणि पहिल्यांदाच त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचली.

केसीन म्हणजे दुधातलं प्रथिन. ते फोडून त्याची अमिनो आम्लं जिवाणूंना घालायची. आमचा जुना स्वस्तातला डबा आम्लाने फोडलेल्या केसीनचा. आम्लात बाकी सगळं टिकतं, एक ट्रिप्टोफॅन तेवढं मरतं, म्हणूनच तर आम्ही ते वापरत होतो. नवा डबा एन्झाइमने फोडलेल्या केसीनचा. त्यात सगळं शाबूत, ट्रिप्टोफॅनसकट. मार्चमध्ये जुना संपला तेव्हा हा मीच मागवला. हा जास्त पौष्टिक, दुप्पट किमतीचा. म्हटलं, घालू या बिचाऱ्यांना चांगलं.

पत्रोंना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून अक्षरं वाचली. मला वाटलं, आता तीन महिन्यांचा हिशेब मागतील. ते एवढंच म्हणाले, "मादमवाझेल फायोल, तुम्ही यांना फार चांगलं जेवू घातलंत."

माझे जिवाणू धुवून नुसत्या मीठ-साखरेच्या पाण्यात टाकले. सुरुवातीला रुसून बसले, वाढ थांबली. माझा हात दोनदा डब्याकडे गेला, ब्लेझने डबा उचलून खिडकीत ठेवला. अर्ध्या तासाने नळ्या फिक्या पडायला लागल्या. काही गेलं नव्हतं त्यांचं. सगळं होतं तिथेच होतं.

आनंदाने मला काही सुचेना. तरी बसमध्ये मनाला काहीतरी टोचत राहिलं, ते काय ते लक्षात आलं नाही.

११ जून, गुरुवार

दुपारी ब्लेझने मला हाकललं. म्हणाला, तुझा चेहरा बघवत नाही, घरी जाऊन झोप. पाऊस होता. पापांना बातमी सांगावी, शनिवारच्या आत सिस्टरांना फोन करून हो म्हणून टाकावं, असा विचार करत आले.

जिन्याशी पोचले तर तो वास. रेमेदिओसच्या खोलीच्या दाराला काच आहे, तिला आतून जाळीचा पडदा. छत्री भिंतीला टेकवली आणि तिला हाक मारणार, तेवढ्यात आतून आवाज आला. पापांचा आवाज. इतका मोठा की मी आधी ओळखलाच नाही.

"अगं बाई, पिठाला मारतेस कशाला? ते काय तुझ्या नवऱ्याचं तोंड आहे? दाबायचं, घडी घालायची, सोडून द्यायचं."

"सोडलं की पसरतं, मस्ये आंसेल्म."

"पसरू दे. त्याचं त्याला कळतं. आणि दंतवैद्याच्या बायकोला सांग, उद्या एकच मिळेल, सगळी इमारत पोसायला मी काय तुमच्या राजाचा बेकर आहे?"

पडद्यातून दिसत होते. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, अंगावर रेमेदिओसचं फुलाफुलांचं ॲप्रन, कपाळाला पीठ. खुब्यावर भार टाकून, टाचा उचलून कणीक मळत होते आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होते. दुकानात मळताना गुणगुणायचे तेच. वीस वर्षं तरी ऐकलं नव्हतं मी.

मी दाराच्या मुठीवर हात ठेवला होता. तो तसाच राहिला. आत गेले तर काय होईल ते मला स्वच्छ दिसलं. ते हात पुसतील. ॲप्रन काढतील. दमलात का, असं मी विचारीन, खुब्याची काळजी करीन, पिठाची पिशवी माझ्या हातात घेईन, आणि ते म्हणतील, काही नाही. एका हातात दाराची मूठ, खांद्यावरच्या पर्समध्ये गॅसची मूठ, आणि रोधक कसा असतो हे मी तीन वर्षं शोधते आहे.

फिरले आणि बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या कॅफेत कॉफी मागवून बसले, कॉफी तशीच गार झाली. नेहमीच्या वेळेला घरी आले, जिना चढताना मुद्दाम पावलं वाजवली. पापा खुर्चीत, वर्तमानपत्र मांडीवर, पान तेच. डोळे पेंगुळलेले. नखांत पांढरं होतं. मी बशी काढली नाही.

छत्री कुठे राहिली कळत नाही. कॅफेत असेल.

१२ जून, शुक्रवार

सकाळी गॅसची मूठ तोटीला परत बसवली. पापा बघत होते. जेवण झाकून ठेवलं नाही. पाव आणला नाही. पावाची पिशवी रिकामी खुंटीला अडकवली. वर्तमानपत्र टेबलावर ठेवलं. दार ओढून घेताना वाटलं, आपण किती निर्दय.

प्रयोगशाळेतून सिस्टरांना फोन केला आणि खोली नको म्हणून सांगितलं. पलीकडून त्यांनी विचारलं, वडील ठीक आहेत ना? मी म्हटलं, मला माहीत नाही. दिवसभर जीव वरखाली. ब्लेझने विचारलं, नळ्या तर फिक्या आहेत, आता काय झालं? त्याला सगळं सांगितलं. तो टवाळी करील असं वाटलं होतं. म्हणाला, "सुरुवातीला रुसतील. डब्याकडे हात नेऊ नकोस."

संध्याकाळी आले तर पापा खुर्चीत. जिन्यात वास नाही, घरात वास नाही. भांडी जशीच्या तशी. दिवसभर काही खाल्लं होतं की नाही कोण जाणे. टेबलाशी आले, पिशवीकडे बघितलं.

"पाव नाही," म्हणाले.

"नाही," मी म्हटलं.

बेकरी बंद व्हायला अजून वेळ होता. पर्स शेजारीच होती. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले. बेकरच्या घरात आज आम्ही दोघांनी मसूर पावाशिवाय खाल्ले. माझं चुकलं असेल तर? जिवाणू आणि बाप सारखे नसतात. खोलीही मी सोडून बसले आहे.

१३ जून, शनिवार

जिना चढताना वास रेमेदिओसच्या दाराशी नव्हता. पहिल्या मजल्यावर थोडा, दुसऱ्यावर जास्त. चौथ्यावर पोचेपर्यंत मला धाप लागली होती.

टेबलावर फडक्यावर राईचा पाव, गोल, वर तीन काप दिलेले, दुकानात द्यायचे तसे. ओव्हन अजून ऊन. कट्ट्यावर सगळीकडे पीठ, जमिनीवर पीठ, माझ्या चांगल्या पातेल्यात कणीक वाळलेली. मी काही उचललं नाही. पापा माझ्याकडे पाठ करून सुरी पुसत होते.

"संपला होता," म्हणाले. "कुणीतरी करायला नको?"

मी तुकडा तोडला. काहीतरी बोलणं भाग होतं. म्हटलं, मीठ जरा जास्त पडलंय.

ते वळले. तुकडा घेऊन चावला, विचार केला. "ओव्हन खोटारडा आहे तुझा," म्हणाले. "आणि मीठही जास्त आहे. उद्या बघू."

१४ जून, रविवार

त्यांचं ‘उद्या’ म्हणजे रविवार, आणि रविवारी मी दिवसभर घरी. हे त्यांनाही कालच माहीत असणार. सकाळी कॉफी झाली तरी पापा टेबलाशी बसून होते. मी बाहेर जाण्याचं काहीतरी निमित्त शोधत होते. म्हटलं, चर्चच्या बाजूला चक्कर मारून येते, आभाळ आलंय, पण छत्री हरवली.

पापा उठले, दाराआड हात घालून छत्री काढली आणि माझ्यापुढे धरली. मुठीवर पिठाची बोटं उमटलेली.

"रेमेदिओसच्या दाराशी होती," ते म्हणाले. "गुरुवारपासून."

मी छत्री घेतली नाही. त्यांनी विचारलं, "आत का नाही आलीस?"

"मला वाटलं, तुम्ही थांबाल."

"थांबलो असतो," म्हणाले. छत्री भिंतीला टेकवली, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि पिठाचा डबा पुढे ओढला. "आता नाही थांबत. जाऊ नकोस कुठे. बस तिथे. फक्त हात लावू नकोस कशाला."

खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यात बसले, वर्तमानपत्र मांडीवर घेतलं. पाठीमागे कणीक कट्ट्यावर आपटत होती, मग थोड्या वेळाने ते गुणगुणणं सुरू झालं. दुपारपर्यंत मी एकही पान उलटलं नाही.